पट्टी छापणारा प्रिंटर आणि बदलत गेलेली विंडोज: जुनं हार्डवेअर मागं का पडतं त्याची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्यासारख्या कॉम्प्युटरच्या दुकानांत रोज तोच प्रश्न यायला लागला, नवीन विंडोज टाकल्यावर जुना प्रिंटर चालंल काय. परवा मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचे दिवाणजी आले, म्हणाले, "ओ, मशीन नवीन घेतलं मालकांनी, तवापासनं पट्टी निघंना झालीय. प्रिंटरला काय झालं न्हाई, काल सांजपर्यंत चालत हुता की." आणि ते अगदी खरं सांगत होते, प्रिंटरला काहीच झालं नव्हतं.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा गूळ सौद्यात गेला की त्याला मिळतो तो हिशोब, रवे म्हणजे ढेपा किती, वजन किती, दर काय लागला, हमाली तोलाई किती आणि हातात किती. त्याच्या तीन प्रती लागतात, मध्ये कार्बन, आणि कार्बनवर खालच्या कागदापर्यंत उमटायचं तर वरून सुईचा ठोका बसावा लागतो. इंकजेट शाई उडवतो, लेझर पावडर भाजतो, ठोका कोणीच मारत नाही. म्हणून सुयांनी ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स अजून टेबलावर आहे, हौस म्हणून नाही.

आता हा प्रिंटर कुठली भाषा बोलतो तिथून सुरुवात करतो कारण माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. १९८० मध्ये एप्सनने एमएक्स ८० नावाचा नऊ सुयांचा प्रिंटर काढला, आणि १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हा हाच प्रिंटर स्वतःचं नाव लावून सोबत विकला. त्याला हुकूम द्यायची पद्धत साधी, आधी २७ नंबरचा कोड पाठवायचा म्हणजे प्रिंटरला कळतं की पुढचं अक्षर छापायचं नाही, ऐकायचं आहे. २७ आणि ६४ म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू कर, २७ आणि ६९ म्हणजे ठळक, नुसता १५ म्हणजे बारीक अक्षर, १२ म्हणजे पान ढकल. हे सगळं प्रिंटरबरोबर येणाऱ्या पुस्तकातच छापलेलं असायचं, कोणीही वाचावं. त्यामुळं दुसऱ्या कंपन्यांनी पण तीच भाषा उचलली, आणि आजही दुकानात मिळणारा नवा डॉट मॅट्रिक्स घेतला तरी त्याला २७ आणि ६४ कळतं.

दिवाणजींचा पट्टीचा प्रोग्राम फॉक्सप्रो २.६ या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधला, आणि तोही डॉसवाला, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या स्क्रीनच्या सिस्टीमवरचा. फॉक्सप्रो मूळ फॉक्स सॉफ्टवेअरचं, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली. कोल्हापुरात अडत, सराफी, पतसंस्था, ट्रान्सपोर्ट सगळीकडं त्या काळात फॉक्सप्रोचीच कामं व्हायची आणि प्रोग्राम लिहिणारी पोरं हे कोड पाठ करून बसलेली असायची. डॉसमध्ये मध्ये कोणी नसायचंच, प्रोग्राम थेट एलपीटी वन या प्रिंटरच्या पोर्टवर अक्षरं ओतायचा आणि पलीकडं प्रिंटर छापायचा. त्रास एवढाच की प्रत्येक सॉफ्टवेअरला प्रत्येक प्रिंटरची ओळख आपापली ठेवावी लागायची, वर्ड प्रोसेसर घेतला की त्याच्याबरोबर प्रिंटरच्या फायलींची वेगळी फ्लॉपी.

विंडोजने हा त्रास संपवला. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरशी कसं बोलायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम, एकदा विंडोजमध्ये टाका, मग कुठलाही प्रोग्राम तोच वापरेल. ही सोय खरोखर मोठी होती, मी ती नाकारत नाही, पण त्या दिवसापासून यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक दुभाषी आला आणि दुभाषी कोणाच्या पगारावर आहे हा प्रश्न पण आला.

कारण नव्वदच्या दशकात स्वस्तातले प्रिंटर निघाले ज्यांना स्वतःची अशी पान समजायची भाषाच नव्हती. आधीचे लेझर म्हणजे १९८४ चा एचपी लेझरजेट, त्याची पीसीएल, किंवा अॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट, या भाषा लिहून ठेवलेल्या होत्या. स्वस्त प्रिंटरमध्ये ते डोकं काढूनच टाकलं, पान कसं दिसणार ते सगळं विंडोजने कॉम्प्युटरवर ठरवायचं आणि तयार ठिपके तेवढे प्रिंटरकडं ढकलायचे. किंमत उतरली, घराघरात प्रिंटर आला. पण ते ठिपके ढकलायची खूण कंपनीने कुठंच छापली नाही, ती फक्त ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर गेला की प्रिंटर मुका. माझ्या दुकानात एका नावाजलेल्या कंपनीचा फ्लॅटबेड स्कॅनर आहे, काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटर गुळगुळीत फिरते, पण ६४ बिटचा ड्रायव्हर त्या कंपनीने कधी काढलाच नाही. पैसे मोजून घेतलेली चांगली वस्तू अशी पडून राहिली की वाईट वाटतं, आणि राग पण येतो.

तर टप्पे बघू. २५ ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपी आली आणि घराघरातल्या मशीनवर एनटीचा, म्हणजे ऑफिस-सर्व्हरच्या विंडोजचा, पाया आला. त्यात प्रोग्रामला पोर्टला थेट हात लावायला बंदी, मध्ये विंडोजला विचारायचं. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, पण पोर्टला स्वतः हात घालणारे जुने डोंगल (सॉफ्टवेअरची कॉपी होऊ नये म्हणून पोर्टला लावायची चावी) आणि हातानं बनवलेली कार्डं तिथं अडली. पट्टीचा प्रोग्राम मात्र तरला कारण ३२ बिट विंडोजमध्ये डॉसचा एक खोटा संसार आत मांडलेला असायचा. पुढं मशीनवरून एलपीटीचं ते २५ टाचण्यांचं पोर्टच गायब झालं, यूएसबी आलं, तेव्हा आम्ही सगळे काय करायचो तर प्रिंटर शेअर करायचा आणि नेट यूज या कमांडची एक ओळ मारून एलपीटी वन हे नाव त्या शेअरला चिकटवायचं. प्रोग्रामला वाटायचं जुनंच पोर्ट आहे. ही एक ओळ मी किती दुकानांत मारली असेल त्याचा हिशोब नाही.

२००७ ची व्हिस्टा आली आणि ड्रायव्हरचे नियमच बदलले, खूप यंत्रं एका रात्रीत अनोळखी झाली. त्यातली ६४ बिट आवृत्ती आणखी कडक, डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा, आत घ्यायचाच नाही. आणि ६४ बिटमध्ये तो डॉसचा संसार पण उठला. यात निव्वळ मायक्रोसॉफ्टची मर्जी होती असं नाही, प्रोसेसर ६४ बिटच्या मोडमध्ये गेला की जुन्या ८०८६ प्रोसेसरची नक्कल करायची जी खास सोय ३२ बिटमध्ये होती ती तिथं मिळतच नाही. लोक ४ जीबीच्या पुढं रॅम पाहिजे म्हणून ६४ बिट घेत गेले आणि डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्राम मागं पडत गेले. विंडोज १० पर्यंत ३२ बिट आवृत्ती तरी मिळायची. २०२१ ची विंडोज ११ फक्त ६४ बिट, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे आता प्रिंटरच नाही, अख्खा कॉम्प्युटरच जुना ठरला.

हे नुसतं प्रिंटरचं नाही. शिरोलीच्या किंवा उद्यमनगरातल्या कारखान्यांत जावा, तिथं ऑइल इंजिनच्या काळापासून जुनी मशीन उघडून, बुश बदलून, परत चालती करायची सवय हाताला आहे, लेथ तीस वर्षांचा झाला म्हणून कोणी टाकत नाही. सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी मशीन, पण तशीच चालवतात. तिच्यात प्रोग्राम घालायचा तो आरएस २३२ पोर्टातून, हे स्टँडर्ड १९६० चं, नऊ टाचण्यांच्या कनेक्टरवर दोन, तीन आणि पाच नंबर जोडले की निम्मं काम झालं. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याची खूण असते ना, ती कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्राम ठेवायचे तेव्हाची, टेप इथं थांबव म्हणून. सात बिट आणि इव्हन पॅरिटी (चूक कळावी म्हणून भोकांची संख्या सम ठेवायची युक्ती) हे सेटिंग पण त्याच पट्टीवरच्या भोकांचं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून स्क्रीनवरच्या त्या टक्क्याकडं बराच वेळ बघत होतो, कागद गेला, टेप रीडर गेला, खूण अजून कामावर आहे.

इथं अडतं ते मशीनपाशी नाही, लॅपटॉपला लावायच्या यूएसबी ते सिरियल वायरीत. प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ चिपच्या जुन्या जातीला त्यांचा नवा ड्रायव्हर ओळखतो आणि मुद्दाम नाकारतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि ही चिप २०१२ पासून बंद आहे असं इंग्रजीत लिहून येतं. कारण बाजारात त्या चिपच्या नकला फार झाल्या होत्या. २०१४ मध्ये तर एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून गेला. नकलेविरुद्ध कंपनीचा राग मी समजू शकतो, पण वायर घेणाऱ्या कारखानदाराला आतली चिप कुठली ते दिसत नाही, आणि जॉब मशीनवर बांधलेला असताना ती मरते हे मला अजिबात पटत नाही. पीएल२३०३ ला उपाय म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून ड्रायव्हर आपण निवडायचा, जुनी आवृत्ती घ्यायची, आणि अपडेटने परत बदलला तर परत तेच.

मराठीचं उदाहरण तर अजून जवळचं. डॉसमध्ये देवनागरी दाखवायला जिस्ट कार्ड असायचं, मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढं पुण्याच्या सीडॅकने वाढवलं. ते मदरबोर्डवरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसायचं. स्लॉट गेला, कार्ड गेलं. पण त्यात टाइप केलेला मजकूर इस्कीमध्ये साठवलेला, आणि इस्की हे १९९१ चं भारतीय मानक, कुठल्या अक्षराला कुठला नंबर ते छापील. म्हणून त्या फायली आज युनिकोडमध्ये आणता येतात. उलट ज्या फॉन्टांनी आपापला खाजगी नंबर लावला त्यांचा मजकूर उघडायला त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं. कार्ड मेलं तरी भाषा उघडी होती म्हणून लिहिलेलं जगलं.

प्रिंटरवरूनच एक मोठी गोष्ट घडलीय. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती, पण सॉफ्टवेअरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला त्यामागं हा अनुभव पण होता. आज लिनक्सवर सेन नावाचं जे स्कॅनरचं सॉफ्टवेअर आहे त्यात कितीतरी स्कॅनरची भाषा लोकांनी वायरीवरून जाणारा डेटा बघून बघून उलगडलीय. माझा तो पडून राहिलेला स्कॅनर त्यावर चालला. जुन्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या मशीनवर लिनक्स टाकलं, स्कॅनर जोडला, आता सातबारा आणि शाळेचे दाखले त्यावरच स्कॅन होतात.

जुनंच मशीन तसंच ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्याची नेटची वायर काढा. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँकेचं काम करू नका एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

दिवाणजींचं काय केलं तर नव्या ६४ बिट मशीनवर डॉसबॉक्सच्या घराण्यातला, प्रिंटची सोय असलेला इम्युलेटर, म्हणजे आत डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकला, त्यात फॉक्सप्रो आणि नोंदींच्या सगळ्या डीबीएफ फायली ठेवल्या. प्रिंटरला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर दिलाच नाही, विंडोजमध्ये अजून जेनेरिक टेक्स्ट ओन्ली नावाचा ड्रायव्हर असतो, तो काही सुधारत बसत नाही, आलेलं जसंच्या तसं पुढं ढकलतो, २७ पण आणि ६४ पण. पहिल्या फेरीला पान मोठ्या अक्षरात निघालं आणि दराचा रकाना उजवीकडं तुटला, म्हणजे १५ चा कोड वाटेत कुठंतरी गळत होता. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये कच्चा मजकूर पाठव असं केलं, तसे रकाने जागेवर आले. दिवाणजींनी तिन्ही कागद सुटे केले, खालची प्रत उजेडाकडं धरली, म्हणाले, "वजन दिसतंय, दर फिका हाय." रिबन वाळली होती. खाली जाऊन नवी आणली, चढवली, आणि तीच पट्टी परत काढली.