पांढरं पाणी धरणाला वाचवतं

सांडव्यावरून पूर उतरतानाचा व्हिडिओ बघितला की खालच्या फेसाळ पांढऱ्या पाण्याने छातीत धस्स होतं आणि वर माथ्याजवळचं काळसर, काचेसारखं गुळगुळीत पाणी बघून वाटतं की इथे तरी सगळं शांत आहे. काँक्रीटच्या बाजूने बघाल तर बरोबर उलटं आहे, पांढऱ्या पाण्याखालचं काँक्रीट सुरक्षित असतं आणि काळजी असते ती त्या काचेखालच्या काँक्रीटची. पायऱ्यांचा सांडवा मला प्रचंड आवडतो तो यामुळेच.

आधी थोडा हिशेब. ५० मीटर उंचीवरून पाणी काही अडथळा न येता खाली आलं तर पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला ३१ मीटर होतो, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. असं पाणी थेट नदीच्या तळावर सोडलं तर ते खडक उकरत जाणार, म्हणून खाली मोठं स्टिलिंग बेसिन, म्हणजे पाणी शांत करणारा हौद, बांधून तिथे त्याचा जोर मारावा लागतो. पायऱ्या केल्या की बराचसा जोर उतरतानाच जिरतो आणि बेसिन लहान चालतं.

आता जोर जिरतो कसा? बहुतेकांना वाटतं पाणी एकेका पायरीवर आपटत येतं आणि थकतं. पाणी कमी असेल तेव्हा हे खरंच आहे. जिना धुताना मगभर पाणी हळू ओतून बघा, पातळ पडदा पायरीच्या कडेवरून सुटतो, खालच्या पायरीवर पडतो, पसरतो, परत सुटतो, आणि पडद्याच्या मागे हवेचा छोटा कप्पा राहतो. मग अख्खी बादली एका दमात ओता. आता पाणी पायऱ्या मोजत बसत नाही, कडांना चाटत वरून सरळ निघून जातं. मोठ्या पुरात सांडव्यावर हेच होतं आणि खरी गंमत इथेच आहे.

पायरीच्या कोपऱ्यात, म्हणजे उभ्या आणि आडव्या बाजूच्या खाचेत, काही पाणी अडकतं. वरून धावणारा प्रवाह त्याला घासत जातो आणि ते गोल फिरायला लागतं, प्रत्येक पायरीत एक आडवा भोवरा. म्हणजे मुख्य प्रवाह काँक्रीटवरून धावतच नाही, तो या फिरणाऱ्या पाण्याच्या लाटण्यांवरून धावतो! पण ही लाटणी गुळगुळीत बेअरिंगसारखी नसतात. भोवरा मधेच खाचेतून उसळून मुख्य प्रवाहात फेकला जातो, त्याची जागा घ्यायला वेगवान पाणी आत घुसतं, पुन्हा भोवरा बनतो. आत आलेल्या पाण्याचा वेग भोवरा खातो आणि बाहेर जाणारं मंद पाणी प्रवाहाला मागे ओढतं, हे प्रत्येक पायरीवर अखंड चालू. त्यामुळे घर्षणाचा गुणांक गुळगुळीत काँक्रीटच्या साधारण दहापट होतो. उतार पुरेसा लांब असेल तर पाणी पावसाच्या थेंबासारखं एका ठराविक वेगाला येऊन थांबतं, त्यापुढे उंची वाढली तरी वेग वाढत नाही. रुंदीच्या दर मीटरला सेकंदाला १० घनमीटर विसर्ग धरला तर हा वेग १४-१५ मीटर येतो, ३१ च्या निम्म्याहूनही कमी, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश जोर वाटेतच संपला.

संपला म्हणजे उष्णता झाला. सगळीच्या सगळी ऊर्जा धरली तरी ५० मीटर पडून पाणी ०.१२ अंश सेल्सिअस तापतं, बस. पायऱ्यापायऱ्यांवरून खेळवलेलं पाणी 'ऊर्जायुक्त' किंवा 'जिवंत' होतं म्हणून विकणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. पाण्यात ऑक्सिजन मात्र खरंच वाढतो, पण तोही २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊन थांबतो.

कुठल्या विसर्गाला काय होणार हे ठरवायला इंजिनिअर क्रिटिकल डेप्थ काढतात, दर मीटर विसर्गाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण, त्याचं घनमूळ. ही खोली आणि पायरीची उंची यांचं गुणोत्तर बघायचं. धरणाच्या नेहमीच्या तीव्र उतारावर १ मीटर उंच पायरी असेल तर मीटरमागे साधारण ०.७५ घनमीटरपर्यंत पाणी पायरीपायरीने पडतं आणि २.२ च्या वर भोवऱ्यांवरून धावतं. मधला पट्टा वाईट, तिथे पाणी ना धड पडतं ना धड धावतं, नुसतं वेडंवाकडं उडतं आणि पायऱ्यांवरचा दाब सतत हेलकावतो, म्हणून डिझाइन करताना हा पट्टा शक्यतो टाळतात.

आता ती काच. तळाशी सुरू झालेली खळबळ पाणी खाली येईल तशी जाड होत जाते आणि ज्या ठिकाणी ती पृष्ठभागाला टेकते तिथून पाणी हवा गिळायला लागतं. तिथेच काळ्याचं पांढरं होतं, व्हिडिओत ती रेघ अगदी स्पष्ट दिसते. पायऱ्यांमुळे खळबळ लवकर जाड होते, म्हणून रेघ बरीच वर सरकते. हवा का हवी? वेगवान पाण्यात तळाच्या छोट्याशा उंचवट्यामागे दाब इतका उतरतो की पाण्याची थंड असतानाच वाफ होते, बुडबुडे बनतात आणि पुढे दाब वाढला की काँक्रीटला चिकटूनच फुटतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात या कॅव्हिटेशनने काँक्रीटचं अस्तर फोडून जवळपास १० मीटर खोल खड्डा पाडला होता. नंतर तिथे बोगद्यात हवा ओढून घेणाऱ्या खाचा केल्या. तळाजवळच्या पाण्यात ५ ते ८ टक्के हवा असली तरी नुकसान जवळपास थांबतं, कारण अशा पाण्यातून आवाजाचा वेग सेकंदाला १,४८० मीटरवरून शंभराच्याही खाली येतो आणि फुटणाऱ्या बुडबुड्याचा दणका त्या मऊ मिश्रणातच विरतो.

एक अडचण उरतेच. विसर्ग वाढला की रेघ खाली सरकते, म्हणजे ऐन महापुरात वरच्या जास्त पायऱ्या हवेशिवाय उघड्या पडतात, आणि तिथे पायरीच्या उभ्या बाजूला कडेजवळ दाब सगळ्यात कमी असतो. म्हणून मीटरमागच्या विसर्गाला मर्यादा घालतात, किंवा पहिल्याच काही पायऱ्यांपाशी मुद्दाम हवा आत सोडतात.