तंबूत उकडतंय? आधी मागची खिडकी बघा
(ताडोबाच्या उन्हाळी सफारीसाठी येणाऱ्या आमच्या पाहुण्यांसाठी)

एप्रिल-मेमध्ये रात्री हमखास फोन येतो : "कूलर चालू आहे, पण गार होत नाही. उलट चिपचिप होतंय." आमचा माणूस टॉर्च घेऊन जातो. कूलरला तो हातही लावत नाही, मागच्या खिडकीचं कापड वर गुंडाळून बांधतो आणि थोड्याच वेळात तंबू गार होतो.

आमच्या विदर्भात लहान पोरालाही ठाऊक असतं, की कूलर लावला तर त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडायची. कूलर एसीसारखा आतलीच हवा फिरवत नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून (गवताच्या मुळांच्या थरातून) ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. जेवढी हवा आत येते तेवढीला बाहेर जायला वाट लागते. ती कोंडली की दमटपणा साचतो आणि मग कूलरचं काही चालत नाही.

जंगलाकाठी पहिल्यांदा झोपताना सगळ्या चेन लावून घ्याव्याशा वाटतात, हे आम्ही समजतो. पण प्रत्येक खिडकीला दोन पदर आहेत : बाहेर जाड कापड, आत बारीक जाळी. कापड उघडा, जाळीची चेन लावलेलीच ठेवा. डास, विंचू, साप जाळीतून येत नाहीत. दाराची चेन मात्र पार खालच्या कोपऱ्यापर्यंत न्या. घाईत तिथेच चार बोटांची फट राहते.

"एवढे पैसे घेता, मग एसी का नाही?" कापडी भिंतींत एसीचा गारवा टिकत नाही. त्यात वीज गेली की जनरेटर लावावा लागतो आणि रातवा पक्ष्याचा आवाज ऐकायला आलेला माणूस इंजिन ऐकत बसतो. म्हणून आम्ही छत दुहेरी केलं, दोन कापडांमधून वारा खेळता ठेवला. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून वाळा कडक होतो, तो दर हंगामात नवा भरतो. पारा ४५ अंशांवर गेला की भरदुपारी तंबूत थोडं तापणारच. पहाटे मात्र चादर ओढून घ्याल.

सफारीचं परमिट तंबूच्या बुकिंगपेक्षा वेगळं असतं. ओळखपत्रावर आहेत तशीच नावं पाठवा, बाकी आम्ही बघतो. मूळ ओळखपत्र सोबत आणा. गाभा क्षेत्रातली (कोअरमधली) सफारी मंगळवारी बंद असते आणि तिथे मोबाइल नेता येत नाही.

सोबत वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील तर बुकिंग करतानाच सांगा. जांभळीच्या सावलीतले तंबू त्यांच्यासाठी राखून ठेवतो.