माठातली कुल्फी आणि पार्लरचं आईस्क्रीम: फरक दुधात नाही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आतच आमच्या नागपुरात हे वाक्य कानावर यायला लागतं: "कुल्फी म्हणजे काय, आपलं देशी आईस्क्रीमच की!" धरमपेठेतल्या डेझर्ट कॅफेत, लग्नाच्या पंगतीत, घरी पाहुणे आले की, सगळीकडे हेच. जरा जाणकार माणूस असला तर तो त्यावर पुस्ती जोडतो, "कुल्फी आटवलेल्या दुधाची आणि आईस्क्रीम क्रीमचं, एवढाच फरक." ही पुस्ती मूळ वाक्यापेक्षा वाईट, कारण ती अभ्यास करून बोलल्यासारखी वाटते आणि ऐकणारा मान डोलावतो. तिसरा कोणीतरी असतोच, तो म्हणतो कुल्फी जुनी आणि आईस्क्रीम नवं. तिघंही चुकतात, आणि चूक मुळात एकच आहे.

आईस्क्रीम काय असतं हे नागपूरकराला सांगत बसायची गरज नाही. राणा बंधूंनी १९३२ साली दुधाच्या धंद्यापासून सुरू केलेलं दिनशॉज इथलंच. त्याचे कप आणि ब्रिक खात इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. सीताबर्डी, सदर, धरमपेठ या भागांतल्या जुन्या पार्लरांत बसलेल्या माणसाला पुढचं सगळं डोळ्यांसमोर आहे: उंच दांड्याचा काचेचा कप, त्यात खोचलेलं वेफर, वर एक लालभडक चेरी, टुटीफ्रुटी, सुरीने कापलेला कसाट्याचा काप, आणि भिंतीवरच्या आरशात दिसणारं आपलंच तोंड. तेव्हा आईस्क्रीम राहू द्या बाजूला, कुल्फीकडे वळू.

किरकोळ फरक आधी उरकतो. काडी हा फरक नाही, काडीवर दोन्ही मिळतात. शंकूचा आकारही नाही, तो साच्याचा गुण. केशर-पिस्ता हा तर मुळीच नाही. केशर-पिस्ता आईस्क्रीम प्रत्येक पार्लरच्या पाटीवर असतं.

राहिलं दूध. इथेच बहुतेकांची गाडी अडकते, म्हणून हिशोबच मांडू. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात. म्हणजे लिटरभर दुधात साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश, आणि सगळं मिळून दीडशे ग्रॅम घन. ते आटवून साडेचारशे ग्रॅमवर आणलं आणि ८० ग्रॅम साखर घातली, की जे ५३० ग्रॅम मिश्रण हातात येतं त्यात स्निग्धांश भरतो ११ टक्क्यांच्या आसपास. आता दुसऱ्या बाजूला बघा. साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा, असा आपल्याकडचा कायदा आहे. म्हणजे आटवलेलं दूध आणि आईस्क्रीमचं मिश्रण स्निग्धांशाच्या बाबतीत एकाच घरातली. एकूण घन पदार्थ आईस्क्रीममध्ये किमान ३६ टक्के लागतात, आपल्या कुल्फीत ते ४३ टक्क्यांच्या घरात जातात. फरक आहे, पण जातच बदलावी इतका नाही. आटवण्याने खरा फरक पडतो तो चवीत: तासभर उकळत्या दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मुरतात, रंग बदामी होतो, तो खरपूस वास येतो. पण त्याच चवीचं आईस्क्रीमही करता येतं, लोक करतातही. मेनूकार्डावर 'रबडी कुल्फी' लिहून गोळ्यात वाढतात ते तेच.

मग फरक कुठे? आटवलेलं तेच दूध अर्धं साच्यात भरा आणि अर्धं पॉटमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या आईस्क्रीमच्या डब्यात, ओतून फिरवा. साच्यातून कुल्फी निघेल, पॉटमधून आईस्क्रीम. दूध एक, साखर एक, वेलची एक. बदललं ते एवढंच की एक गोठताना ढवळलं गेलं आणि दुसरं स्वस्थ बसून गोठलं. दोघांतली खरी रेघ ही.

ढवळताना नेमकं काय होतं, ते बघण्यासारखं आहे. आईस्क्रीमच्या यंत्रातलं डब्याचं अंग खूप थंड असतं. त्याला लागलेलं मिश्रण क्षणात गोठतं, आणि तो पापुद्रा जाड व्हायच्या आत पातं येऊन त्याला खरवडून मध्ये ढकलतं. त्यामुळे बर्फाचे कण वाढायला सवडच मिळत नाही. हे कण साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिले तर जिभेला ते कळत नाहीत. त्यापुढे गेले की खरखर लागते. पातं आणखी एक काम करतं, ते म्हणजे हवा घुसळतं. स्निग्धांशाचे थेंब थोडे एकमेकांना चिकटतात आणि त्या हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. यंत्रातून बाहेर पडतं ते उणे पाच-सहा अंशांचं मऊ आईस्क्रीम; ते तसंच कोनात सोडलं तर सॉफ्टी, आणि पुढे जास्त थंडीत घट्ट केलं तर कप-ब्रिक. मोठ्या कारखान्यात मिश्रणाइतकीच हवा भरणं ही रोजची गोष्ट आहे, म्हणजे एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम. कायदा त्याला खालून आवर घालतो: लिटरभर आईस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. आकडा वाचून चिडू नका, हवा नसलेलं आईस्क्रीम चमच्याला दाद देणार नाही.

कुल्फीत यातलं काही होत नाही. कुल्फीवाला साचे माठात मधूनमधून हलवतो, पण आत पातं नाही, हवा नाही. पत्र्याच्या भिंतीपासून आतल्या बाजूला बर्फ सरकत जातो, कण मोठे होतात. तरीही तिची बर्फाची लादी होत नाही, कारण आटवण्याने पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि उरलेल्या पाण्यात साखर, प्रथिनं इतकी दाट असतात की सगळं पाणी मोकळेपणाने गोठूच शकत नाही. म्हणजे आटवणं ही कुल्फीची ओळख नाही, ढवळायचं नाही म्हणून करावी लागणारी तजवीज आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे गोंधळ आपोआप सुटतात.

खात्री करायची असेल तर दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत काठोकाठ आईस्क्रीम दाबा, दुसरीत कुल्फीचे तुकडे चेपून भरा आणि विसरून जा. मे महिन्यात फार वाट बघावी लागणार नाही. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. वितळल्यावर आईस्क्रीमच्या वाटीत आधी फेस दिसेल. तो हलक्या हाताने ढवळून बसवा, म्हणजे पातळी निम्म्याच्या जवळपास आलेली दिसेल. कुल्फीची वाटी थोडीशीच उतरलेली असेल. उन्हात कुल्फी जास्त टिकते ती यामुळेच: तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट माल आहे, त्याला वितळायला उष्णताही तेवढी जास्त लागते.

आता जुनं-नवं. घरी आईस्क्रीमचा पॉट आठवणाऱ्यांनी इथे थांबावं. लाकडी बादली, मधोमध डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवायला लावलेली सगळी पोरं, शेवटी जड झालं की मोठ्या काकांच्या हातात. हा पॉट काही कालचा नाही, हाताने फिरवायच्या अशा यंत्राचं पेटंट नॅन्सी जॉन्सन या बाईंनी अमेरिकेत १८४३ साली घेतलं होतं. बर्फ आणि मीठ पाहून लोक पॉट आईस्क्रीमला कुल्फीच्या रांगेत बसवतात, "जुन्या पद्धतीचं" म्हणून. जुनं आहे, कबूल. पण त्यात पातं फिरतं, म्हणून ते शंभर टक्के आईस्क्रीम. आणि आजची कारखान्यातली, कागदात गुंडाळलेली काडीवरची कुल्फी हवा न घालता गोठवली असेल तर ती नवी असूनही कुल्फीच.

जुन्या पार्लरचं आईस्क्रीम जास्त भरीव लागायचं, अशी तक्रार वडीलधारी मंडळी करतात. त्यात तथ्य असू शकतं. छोट्या बॅच मशीनमध्ये पातं घुसळेल तेवढीच हवा जाते. कारखान्यातल्या सलग चालणाऱ्या यंत्रात ती दाबाने सोडता येते. पण भरीव असलं म्हणून ते कुल्फी होत नाही, कमी हवेचं आईस्क्रीम होतं.

आता माझं खरं दुखणं. मटका कुल्फी. हल्ली कॅफेत मातीचा इवलासा कुल्हड समोर येतो, आत डीप फ्रीजरमध्ये गोठवलेला ऐवज, वर चांदीचा वर्ख, आणि नाव 'मटका कुल्फी'. अहो, मटका हे वाढायचं भांडं नव्हतं, तो फ्रीज होता! गाडीवर लाल ओलं फडकं गुंडाळलेला मोठा माठ, त्यात बर्फ आणि खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खूप खाली वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता साच्यातल्या दुधातून ओढून घेतो. बर्फ-मिठाचं प्रमाण अगदी जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं. गाडीवर तेवढं कुठलं, पण कुल्फीला पुरून उरतं. साच्याचं झाकण कणकेने लिंपतात, कारण खारं पाणी आत शिरलं की घासच खारट.

गाडीवाला साचा वर काढतो तेव्हा बघा. आधी फडक्याने चहूबाजूंनी पुसणार, मगच झाकण उघडणार. मग दोन्ही तळव्यांत साचा रवीसारखा फिरवणार, एकदा आपटणार, की सबंध शंकू सरकन पानावर. "काडीवर देऊ का कापून देऊ जी?" कापूनच घ्यावी. सुरी कुल्फीत शिरताना अडते, करकरते आणि मग एकदम आरपार जाते. कापलेल्या भागावर बारीक चकाकणारे कण दिसतात, बुडबुडा एकही नाही. आईस्क्रीमच्या ब्रिकमधून सुरी अशी अडत जात नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

कुल्हडावर माझा राग नाही, दिसतो छान. जुन्या आगगाडीचे कंदील, ग्रामोफोनचा कर्णा, भिंतीवर बैलगाडीचं चाक, असल्या सजावटीवरही नाही. फक्त त्या चाकाखाली बसून गोलगोल गोळे 'आजीच्या काळची कुल्फी' म्हणून विकू नका. गोळा काढता येतो याचा अर्थच आत हवा आहे.

कायदा मात्र या भांडणात माझ्या बाजूने नाही. खाद्यमानकांत आईस्क्रीम, कुल्फी, चॉकलेट आईस्क्रीम आणि सॉफ्टी यांना एकाच नियमात बसवलंय. त्यामागे कारण आहे: कायद्याला चिंता दुधाच्या स्निग्धांशाची, बनवण्याच्या रीतीची नाही. दुधाऐवजी वनस्पती तेल आलं की तो 'फ्रोझन डेझर्ट' म्हणतो, तो विषय निराळा. वेष्टनावरचं नाव वाचून तेल ओळखता येईल, कुल्फी ओळखता येणार नाही.

घरी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. फेटलेलं क्रीम घालून 'पाच मिनिटांत कुल्फी' दाखवतात ती कुल्फी नाही. हवा गोठताना घुसळण्याऐवजी आधीच फेटून आणली एवढंच, झालं ते आईस्क्रीमच. अर्धवट गोठल्यावर मिक्सरमधून काढा असं जिथे लिहिलंय तिथेही तेच. ब्रेडचा चुरा, मक्याचं पीठ, दुधाची पावडर याला मात्र मी नाक मुरडत नाही, पाणी बांधून ठेवायचे ते जुनेच उपाय आहेत. आणि दूध वाट्टेल तेवढं आटवू नका. फारच आटलं की दुधातली साखर पाण्यात मावत नाही, तिचे खडे धरतात आणि कुल्फी वाळू चावल्यासारखी लागते. लिटरचं साडेचारशे, बस.

फालुद्यात कुल्फीच घालावी, यावर मी वाद घालणार नाही. शेवया, सब्जा आणि गुलाबाच्या सरबतात आईस्क्रीमचा गोळा पाच मिनिटांत विरघळतो आणि हाती येतो सब्जा घातलेला मिल्कशेक. कुल्फीचे तुकडे शेवटच्या घोटापर्यंत चमच्याला लागतात.

उन्हाळ्यात वीज गेली तर हाच फरक कामाला येतो. फ्रीजरमध्ये मऊ पडलेली, पण थंडच असलेली कुल्फी पुन्हा गोठली तर थोडी खरखरीत होईल, खाण्याजोगी राहील. तिच्यात गमावण्यासारखी हवाच नव्हती. आईस्क्रीम एकदा बसलं की बुडबुडे गेले ते गेले, परत गोठवून नुसता बर्फाळ थर मिळतो. ते गार आहे तोवर दुधात घुसळा, पेल्यांत ओता आणि घरात जे असतील त्यांना वाटून टाका.