क्लस्टर रॉकेटचा दुसरा टप्पा धड पेटत का नाही?

दोन टप्प्यांचं मॉडेल रॉकेट पेटवायची युक्ती तशी साधीच आहे. ब्लॅक पावडरच्या नेहमीच्या मोटरीत पावडर संपली की आधी डिले, म्हणजे वेळ काढणारा सावकाश जळणारा थर, जळतो आणि मग पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार उडतो, बूस्टरच्या, म्हणजे खालच्या टप्प्याच्या, मोटरीत मात्र हे दोन्ही नसतंच. सी६-० या मोटरीच्या नावातला शेवटचा शून्य म्हणजे डिले नाही. दोनेक सेकंदांत पावडर जळत वरपर्यंत येते, शेवटचा पातळ थर फुटतो आणि गरम वायू नि पेटते कण थेट वरच्या मोटरीच्या नॉझलमध्ये घुसतात. दोन्ही मोटरी सेलोटेपने जोडलेल्या असतात, तोच वायू टेप तोडून बूस्टरला खाली ढकलतो. पेटवणं आणि सुटणं एकाच झटक्यात.

क्लस्टरचं दुखणं वेगळं. तीन-चार मोटरी शेजारी शेजारी, सगळ्या एकदम पेटायला हव्यात. इग्नायटर, म्हणजे करंटने तापून मोटर पेटवणाऱ्या तारा, सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले तर दिवाळीच्या जुन्या माळेसारखं होतं, एक गेला की सर्किट तुटलं आणि बाकीचे थंड. म्हणून पॅरलल (प्रत्येक थेट बॅटरीला) जोडायचे, पण मग प्रत्येकी साधारण २ अँपिअर धरले तरी चौघांना ८ लागतात, तिथे कंट्रोलरमधले, म्हणजे उडवायचं बटण असलेल्या डबीतले, पेन्सिल सेल मान टाकतात, सरळ गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लावावी. आणि वेगवेगळ्या जातीचे इग्नायटर एकत्र नकोच, कमी करंटवाला आधी पेटतो आणि उरलेल्यांचं काही व्हायच्या आत रॉकेट इग्नायटरला लावलेल्या वायरींच्या क्लिपा सोडून निघालेलं असतं.

आता दोन्ही एकत्र करा, म्हणजे खाली दोन मोटरी आणि त्यांच्या डोक्यावर दोन. एकाच पाकिटातल्या मोटरीसुद्धा अगदी बरोबरीने संपत नाहीत. जी आधी फुटते ती आपल्या वरच्या मोटरीला पेटवते आणि त्याच दाबाने अख्खा बूस्टर सुटतो, दुसरी मात्र अजून जळतेच आहे, ती फुटेपर्यंत तिची वरची जोडीदार लांब गेलेली असते! मग वरचा टप्पा एकाच बाजूच्या मोटरीवर वाकडातिकडा धावतो. टेप कितीही गुंडाळा, फरक पडत नाही. माझ्या मते वर एकच मोटर ठेवावी, ती खालच्या मोटरींपैकी मधल्या मोटरीने पेटवावी, आणि बाजूच्यांचा वायू त्या जोडापर्यंत पोचूच द्यायचा नाही.

मोठ्या, खऱ्या रॉकेटांनाही हे चुकलं नाही. १९५७ मध्ये स्पुतनिक नेणाऱ्या सोव्हिएत आर-७ रॉकेटमध्ये मधला आणि बाजूचे चार असे पाचही भाग जमिनीवरच पेटवत, कारण उंचावर इंजिन पेटेल याची त्याचे मुख्य रचनाकार कोरोलेव्ह यांना खात्री नव्हती. तिथे इंजिनाच्या चेंबरमध्ये (जिथे इंधन जळतं) लाकडी काठीवर पेटवण बसवलेलं असतं, सोबत एक तार, ती जळून तुटली की कळतं की आत आग लागली.

कॉम्पोझिट मोटरी (ब्लॅक पावडरऐवजी रबरासारखं घट्ट इंधन असलेल्या) तर खालच्या ठिणग्यांना दादच देत नाहीत. त्यांना रॉकेटमध्येच बॅटरी, टायमर आणि इग्नायटर हवा, शिवाय टिल्ट सेन्सर. रॉकेट फार कललं असेल तर तो दुसरा टप्पा पेटूच देत नाही, नाहीतर ते आडवं लोकांच्या अंगावर जायचं.