पिशवीची भीती आणि धाराशिवची चाचणी

जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात एक आकडा दिला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींना गर्भाशय उरलं नव्हतं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, खाडे पडले की होणारी वजावट, फडात पाळीच्या दिवसांत होणारे हाल या कारणांवर तेव्हा बरंच लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण दवाखान्यात ऐकवलं जाणारं आणखी एक वाक्य आहे, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली: ‘पिशवी खराब झालीय, आत्ता काढली नाही तर पुढं कॅन्सर होईल.’

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं या तक्रारी अनेकदा गोळ्या-औषधांनी बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या असतात. मग खरा धोका कुणाला आहे, हे ओळखायचं कसं? या प्रश्नावरचा जगातला एक मोठा अभ्यास बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात झाला. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि वैद्यकीय लिखाणात तो अजूनही त्याच नावाने ओळखला जातो.

त्याची मुळं बार्शीत आहेत. बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडत असली तरी धाराशिवमधल्या भूम-परंड्याच्या माणसांना दवाखान्यासाठी ती जवळची. तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. डॉ. बी. एम. नेने यांनी ते चालवलं आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने पाठबळ दिलं. १९८७ मध्ये टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली नोंदणी. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे कागदच नव्हते, कारण दुखणं अंगावर काढून घरीच मेलेल्या बाईची नोंद कुठल्या रुग्णालयात सापडणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटले, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं किंवा संबंधानंतर रक्त जाणं हे धोक्याचं लक्षण आहे असं सांगत गेले आणि लक्षणं असलेल्या बायकांना रुग्णालयात घेऊन आले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. या भागात बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा होता. आणि नुसतं समजावून सांगण्यानेही बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या मते मोठ्या चाचणीइतकंच मोल या कामाला आहे, कारण त्यात यंत्र लागलं नव्हतं, माणसं लागली होती.

पुढचा प्रश्न तपासणीचा होता. श्रीमंत देशांत पॅप स्मिअरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याने, या आजाराचं प्रमाण खाली आणलं होतं. पण पॅपसाठी पेशी वाचणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासणी लागते. त्याला दोन पर्याय पुढे आले होते. एक, व्हीआयए: गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. शिकवलेली नर्सही हे करू शकते आणि खर्च नगण्य. दुसरा, एचपीव्ही या विषाणूची चाचणी. ती महाग, प्रयोगशाळा मागणारी, पण आजाराच्या मूळ कारणालाच हात घालणारी.

१९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्या तसे वाटले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका अभ्यासात होत्या. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त नेहमीची सेवा आणि माहिती. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच. बार्शी, टाटा आणि फ्रान्समधल्या लियों इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. त्या संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन प्रमुख संशोधक होते आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही गटात ३४. पॅप गटात ५४ आणि व्हीआयए गटात ५६ मृत्यू झाले, आणि ही घट योगायोगानेही दिसू शकेल इतकी लहान होती. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा चाचणी निगेटिव्ह आलेल्या बायकांचा आहे. नंतर कर्करोग होण्याचं वार्षिक प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह बायकांत लाखामागे ३.७ होतं, पॅपनंतर १५.५ आणि व्हीआयएनंतर १६. म्हणजे एकदा एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला ‘पुढची काही वर्षं तू निर्धास्त राहा’ असं डॉक्टर पुराव्यानिशी सांगू शकतो. ‘पिशवी काढ’ या सल्ल्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

इथून डॉक्टरांमधला वाद सुरू झाला. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात, याच शंकरनारायणन यांच्या अभ्यासात, व्हीआयएमुळे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलं होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या आणि २०१४ मध्ये ३१ टक्के घट दाखवली. मग उस्मानाबादेत व्हीआयए का चालली नाही? एक बाजू म्हणते, एकाच फेरीवर निकाल देऊ नका. दुसरी म्हणते, जी पद्धत बघणाऱ्याच्या नजरेवर इतकी अवलंबून आहे, ती प्रत्येक उपकेंद्रावर सारखी चालेल हे गृहीत कसं धरायचं? कर्करोग तपासणीच्या २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात सरकारने व्हीआयएच निवडली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल असंही म्हटलं.

दुसरा वाद जास्त टोचणारा आहे. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडीगुल या तिन्ही अभ्यासांवर आक्षेप घेतला. तपासणीचा फायदा आधीच ठाऊक असताना १,३८,६२४ बायकांना तपासणीविना ठेवलं आणि त्यांतल्या किमान २५४ जणी याच आजाराने गेल्या, असं त्यांनी मांडलं. मुंबईच्या अभ्यासात बायकांना पर्यायांची पुरेशी माहिती न देता संमती घेतली, असं संशोधनात सहभागी माणसांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयानेही म्हटलं. संशोधकांचं म्हणणं होतं की या गावांत तशीही तपासणी नव्हती, आणि तुलनेशिवाय इथे काय चालतं ते कळलं नसतं. त्यांचा मुद्दा निराधार नाही, कारण पॅपचा गाजावाजा असूनही उस्मानाबादेत एका फेरीत तिचा ठोस फायदा दिसला नाही. तरीही मला सुबांची बाजू जड वाटते. जिल्ह्यात तपासणी नाही हे सरकारचं अपयश होतं. ते अभ्यासासाठी सोयीचं गृहीतक होऊ नये. त्या ६४ जणींच्या मोबदल्यात मिळालेलं ज्ञान आपण पंधरा वर्षांहून जास्त काळ जवळपास न वापरता ठेवलं, हे मला त्याहून वाईट वाटतं.

एचपीव्ही रोखणाऱ्या लसीच्या गोष्टीतही बार्शी आहे. दोन की तीन डोस हे तपासणारा अभ्यास २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी सुरू झाला, त्यांत बार्शी होती. दुसऱ्या एका लस प्रकल्पावरून गदारोळ उठल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्या एका डोसचं संरक्षण जवळजवळ दोन-तीन डोसइतकंच निघालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोस पुरेसा असल्याचं मान्य केलं, त्याच्या पुराव्यांत हाही अभ्यास आहे.

मराठवाड्यात आज प्रश्न उरलाय तो अंमलबजावणीचा. व्हीआयएचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. एचपीव्हीच्या अहवालाला दिवस लागतात आणि बाईला परत यावं लागतं. ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे नमुने जून-जुलैत घेऊन पॉझिटिव्ह बायकांचे उपचार टोळ्या निघायच्या आत पूर्ण करावे लागतील. हे वेळापत्रक पुण्या-मुंबईत ठरणार नाही, ते बीड-धाराशिवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच ठरवावं लागेल. बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. त्या परवानगीच्या अर्जासोबत एचपीव्ही चाचणीचा अहवाल मागता येईल.