मांजराचे नाक चोंदले किंवा धाप लागली, तर घरी काय करावे

मांजराच्या छातीला चोळायला काहीतरी नैसर्गिक द्या, असे आमच्या दुकानात बरेच ग्राहक मागतात. आम्ही ते ठेवत नाही. निलगिरी, कापूर, टी ट्री तेल आणि आपला नेहमीचा बाम मांजराला विषारी आहे. ही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची यकृताची ताकद मांजरात फार कमी असते, आणि अंगाला लावलेले ते चाटून पोटात घेतेच. तेलाचा वास हवेत सोडणारा डिफ्यूझरही नको. पॅरासिटामॉलची तर एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आधी श्वास मोजा. मांजर गाढ झोपलेले असताना छाती वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. (घुरघुरत असेल तेव्हा मोजू नका, आकडा चुकतो.) मिनिटाला ३० पर्यंत ठीक. सतत त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ४० च्या वर गेला तर त्याच दिवशी. तोंड उघडून श्वास, निळसर किंवा पांढरट हिरड्या, श्वासागणिक पोट आत ओढले जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. हवेशीर पिंजऱ्यात ठेवून, न दामटता, थेट दवाखाना.

सर्दीने नाक चोंदले असेल, पण मांजर हिंडते-फिरते आहे, तर वाफ उपयोगी पडते. बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून वाफ भरू द्या, शॉवर बंद करा आणि मांजराला पिंजऱ्यासकट १० ते १५ मिनिटे आत ठेवा, दिवसातून दोनदा. पाण्यात काहीही घालायचे नाही. गॅस गिझर बाथरूममध्येच असेल तर हा प्रकार करूच नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. उकळते पातेले ठेवून वर चादर टाकण्याने मांजरे भाजतात. धाप लागलेल्या मांजराला कोंडून वाफ देऊ नये, ते आणखी घाबरते.

नाकाचा शेंबूड कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. सुकून खपली धरली असेल तर कापूस मिनिटभर दाबून ठेवा, ओढू नका. मेडिकलमधले साधे ०.९ टक्के सलाइन एकेक थेंब नाकपुडीत चालते. लेबलवर सोडियम क्लोराइडशिवाय औषधाचे नाव असेल तर ते परत करा. माणसांचे नाक मोकळे करणारे थेंब मांजराला घातक आहेत.

वास येत नाही म्हणून मांजर जेवत नाही. ओले खाणे कोमट करून द्या, मात्र कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. २४ तास काहीच खाल्ले नाही तर दवाखाना गाठा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते.

केस अडकल्यासारखे मान लांब करून, दबा धरून खोकते, पण बाहेर काहीच पडत नाही? हा बऱ्याचदा दमा असतो. त्याला डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर आणि मांजराचा मास्कच लागतो. तुळस-अडुळशाच्या काढ्याने श्वासनलिकेची सूज उतरत नाही. घरात मात्र बरेच करता येते: अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि सिगारेट बंद, मिरचीची फोडणी देताना मांजर दुसऱ्या खोलीत. लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते) ओतताना धुरळा उडत असेल तर बदला. आमचे बेंटोनाइट, म्हणजे मातीचे लिटरही धुरळते. दम्याच्या मांजराला लाकडी पेलेट (भुशाच्या दाबलेल्या कांड्या) घ्या, आणि आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळा, नाहीतर ते ट्रेकडे फिरकणार नाही.