जिलेबी टाळली म्हणून पोह्यांचे इन्सुलिन टळत नाही

इंदूरच्या मराठी घरांत अजूनही सांगितले जाते की, टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाने जिलेबी टाळून नुसते पोहे खाल्ले, तर त्या वेळचे इन्सुलिन घ्यायला नको. हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. या आजारात प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते; त्यामुळे साखर न घातलेल्या पोह्यांतील पिष्टाचे पचनानंतर जे ग्लुकोज होते, ते पेशींमध्ये पोहोचवण्यासाठीही इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके असतात. वर भुरभुरलेली शेव तळलेली असल्याने तिच्यातील तेलामुळे रक्तातील साखर काहीशी उशिरा, पण बराच वेळ चढत राहते, म्हणून खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासणे आवश्यक आहे. जलद इन्सुलिन साधारणपणे खाण्याआधी १० ते १५ मिनिटे घेतात. मात्रा प्रत्येक मुलाची वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. शिवाय गोड पदार्थ कायमचे वर्ज्य नाहीत: कर्बोदके मोजून, त्यानुसार इन्सुलिन घेऊन थोडी जिलेबी खाता येते. रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर मात्र १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब द्यावे, कारण त्या क्षणी तेच औषध असते.